करड्या कोटाचा रफू

रफूवाल्या काकूंना भोक दाखवा, त्या तुम्हाला माणूस सांगतील. ही फुशारकी नव्हे. घराच्या पुढच्या, जिन्याखालच्या एवढ्याशा खोलीत, खिडकीला चिकटवलेल्या टेबलाशी बसून त्यांनी चाळीस वर्षं लोकांची भोकं बुजवली. कसरीने खाल्लेलं भोक कडेला विरळ असतं. सिगारेटचं भोक कडेला कडक. खिळ्यात अडकलेलं कापड कोपरा करून फाटतं, आणि नवरा-बायकोच्या ओढाताणीत बाही नेहमी बगलेतून जाते. "दारात अडकली हो," असं गिऱ्हाईक म्हणायचं. "दारं हल्ली फार आडदांड झालीत," असं म्हणून काकू सुईत दोरा ओवायच्या.

त्यांचा रफू कोणाला सापडत नसे. पद्धत साधीच. कोटाच्याच आतल्या दुमडीतून धागे काढून घ्यायचे, भोकाच्या कडा बारीक कात्रीने कातरून सारख्या करायच्या, आणि मग एकेक धागा दोन वर, दोन खाली असा विणत न्यायचा. ऐकायला सोपं आहे, करून बघा म्हणजे कळेल. एकदा एका वकिलाने दुकानात येऊन भांडण काढलं. "तुम्ही कोट बदललात, माझ्या कोटाला भोक होतं!" तेव्हापासून काकूंनी रीतच पाडली. काम झालं की त्या जागेवर पांढऱ्या दोऱ्याचा एक सैल टाका घालायचा. इथे होतं, आता नाही, हे गिऱ्हाइकाने डोळ्यांनी बघावं आणि घरी जाऊन तो टाका ओढून टाकावा. काकूंची दोन लेकरं, थोरली आणि धाकटा, शाळेतून आली की हे पांढरे टाके शोधायचा खेळ खेळायची. हरला की धाकटा रडीचा डाव खेळायचा आणि थोरली त्याला पाठीत धपाटा घालायची.

त्या धाकट्याचा खून झाला त्याला येत्या महिन्यात अकरा वर्षं होतील.

खून म्हणायचं नाही, असं सरकारचं म्हणणं. सरकारच्या कागदावर तो अपघात आहे. गोदामाच्या मागच्या कुंपणावर चढताना तोल गेला आणि लोखंडी गजावर पडला. का चढला? ते कागदात नाही. दिवसभर पुढच्या दाराने ये-जा करणारा सव्वीस वर्षांचा पोरगा संध्याकाळी मागच्या कुंपणावर कशाला चढेल, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. धाकटा त्या गोदामात माल उतरवून घेण्याच्या कामावर होता. जाण्याच्या चार दिवस आधी त्याने बहिणीला फोनवर सांगितलं होतं, की मुकादम मागच्या फाटकातून माल बाहेर काढतोय आणि मी हे मालकाच्या कानावर घालणार आहे. चार दिवसांनी तो त्याच फाटकाशी मरून पडलेला सापडला. मालकाला बोभाटा नको होता, पोलिसांना काम नको होतं. घोडं कुठे पेंड खातं ते सगळ्या गल्लीला कळत होतं, पण बोललं कोणीच नाही.

थोरली तेव्हा दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती धावत आली. चौकीत ओळख पटवायला तिलाच बोलावलं, कारण काकूंना उभं राहवत नव्हतं. तिथे टेबलावर धाकट्याचा करडा कोट होता. खरं तर बापाचा, बाप गेल्यावर काकूंनी तो धाकट्याच्या मापाचा करून दिलेला. डाव्या खिशाखाली त्याला भोक होतं. थोरलीने कोणाला न विचारता त्यात बोट घातलं.

"सरळ होतं, आई," घरी येऊन ती म्हणाली. "काजासारखं सरळ. माझं बोट आरपार गेलं. गजाने असं भोक पडतं का? तूच सांग, तुला जास्त कळतं."

काकूंनी तोवर कोट पाहिलाच नव्हता. विधी आटोपल्यावर थोरली नोकरीचा राजीनामा द्यायला आणि सामान आवरायला परत गेली. त्या महिन्यात एक हवालदार कागदात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन घरी आला. फाइल बंद झाली म्हणाला, सही करा, जपून ठेवा, कधी लागलं तर मागवू. काकूंनी सही केली, दार लावलं आणि गाठोडं सोडलं.

आता इथे जे झालं ते ऐकून तुम्ही काकूंना नावं ठेवाल. ठेवा. त्यांनी स्वतःला तुमच्यापेक्षा जास्त ठेवली आहेत.

त्यांनी भोक पाहिलं आणि एका नजरेत त्यांना कळलं. उभे धागे सगळे एका रेषेत तुटलेले, ओढाताण नाही, कोपरा नाही. सुरी होती. चाळीस वर्षांत जे हजारो गिऱ्हाइकांना सांगितलं ते त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि त्यानंतर त्यांचं डोकं बंद पडलं. हात तेवढे चालू राहिले. हातांनी कोट मिठाच्या गार पाण्यात भिजवला. वाळवला. खिडकीपाशी टेबलावर पसरला. दुमडीतून धागे काढले. तीन दिवस त्या सकाळी बसायच्या आणि उजेड जाईपर्यंत उठायच्या नाहीत. पोराच्या अंगावर वाऱ्याला वाट राहिली आहे, एवढंच त्यांना वाटत होतं. तिसऱ्या दिवशी कोट अख्खा झाला, अस्तरासकट. त्यांनी तो इस्त्री करून दाराच्या खुंटीवर टांगला. पांढरा टाका घातला नाही. घालून दाखवायचा कोणाला?

चौथ्या दिवशी डोकं चालू झालं. लेकराला मारलं याचा एकुलता एक पुरावा आपण आपल्याच हाताने बुजवला, हे त्यांना भांडी विसळता विसळता कळलं आणि त्या तिथेच फरशीवर बसल्या. मग उठून कोट ट्रंकेत ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली.

महिन्याने थोरली कायमची परत आली. तिचा पहिला प्रश्न होता, "कोट मिळाला?"

"मिळाला."

"भोक बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

"सुरीचं आहे," काकू म्हणाल्या. यात काहीही खोटं नव्हतं.

थोरली आईच्या गळ्यात पडून रडली. आपण एकटी नाही, आईसुद्धा आपल्या बाजूने आहे, म्हणून रडली. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. काकूंनी तोंड उघडलंसुद्धा. पण पोरीचं डोकं खांद्यावर होतं आणि ती म्हणत होती, "कोट आहे ना आई, मग मी त्यांना सोडत नाही." त्या बंद झालेल्या तोंडाला अकरा वर्षं झाली.

या अकरा वर्षांत थोरलीने काय काय केलं ते सांगायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, तिला एकेका सहीला वर्ष थांबवलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, तिला त्या पायऱ्यांची संख्या पाठ झाली. एका दवाखान्यात ती दुपारपर्यंत केसपेपर लिहायचं काम करायची आणि दुपारनंतर अर्ज घेऊन फिरायची. एक मुलगा तिच्यासाठी चार वर्षं थांबला, मग त्याने दुसरीकडे संसार थाटला. तिच्या कानाजवळचे केस पांढरे झाले. अर्जात प्रत्येक वेळी एक वाक्य असायचं, 'मयताच्या कोटावरील छेदाची तपासणी व्हावी.' काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसा तो कोट घरात ट्रंकेत पडलेला आणि पोरगी गावभर वणवण करते आहे. पुराव्याला आपला हात लागायला नको, म्हणून थोरलीने ती ट्रंक कधी उघडायला लावली नाही. काकू खिडकीतून तिला जाताना बघायच्या, आणि मनातल्या मनात म्हणायच्या, देवा, आजचाही अर्ज परत येऊ दे.

हो, असंच म्हणायच्या. पोराला न्याय मिळावा म्हणून ज्या आईने जीव दिला असता, ती रोज सकाळी उलटी प्रार्थना करायची. आणि अर्ज परत आला, थोरली चपला कोपऱ्यात भिरकावून भिंतीकडे तोंड करून निजली, की त्याच आईला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटायचं. "सोड आता," एकदा त्या म्हणून गेल्या. थोरलीने वळून असं पाहिलं, की काकूंनी पुन्हा तो विषय काढला नाही. पोरीला वाटलं, आई थकली.

मग या वर्षी चौकीत नवीन साहेब आले. नवीन झाडू लख्ख झाडतो, तसं त्यांनी जुन्या फाइली काढल्या. अर्ज वाचला, थोरलीला बोलावलं आणि विचारलं, "कोट आहे?"

"आहे साहेब. आईने जीवापाड जपलाय."

"सोमवारी आणा. तपासणीच्या बाईंना बोलावतो. छेद जसा म्हणता तसा असेल तर फाइल पुन्हा उघडेन. नसेल तर कायमची बंद. मध्ये काही ठेवणार नाही."

त्या गुरुवारी थोरली पेढ्यांचा पुडा घेऊन आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आईला मिठी मारून ती हसली, आणि काकू पण हसल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कशाला म्हणतात ते त्यांना त्या हसण्यात कळलं.

शुक्रवारी सकाळी दुकानात मुकादम आला.

तो याच गल्लीत राहायचा. अकरा वर्षं रोज खिडकीवरून जायचा, मान खाली घालून नव्हे, चांगला "काय काकू, बरं ना?" करत जायचा. काकू मान हलवायच्या, कारण न हलवली तर गल्ली विचारणार. आज तो आत आला आणि बायकोची शाल टेबलावर ठेवली. शालीला कसर लागली होती.

"ऐकलं की कोट मागवलाय," तो म्हणाला.

काकूंनी शाल टेबलावर उलगडली.

"तुमच्या हाताला तोड नाही हो काकू. पोरगा गेल्यावर मी भेटायला आलो होतो ना तेव्हा, तुम्ही आत चहा करत होतात. कोट दारामागे खुंटीवर होता. मी आपला हात लावून बघितला." त्याने आवाज खाली आणला. "कुठे म्हणून काही सापडेना. वाटलं, बरं केलंत. झाकलेलं बरं असतं."

अकरा वर्षं हा माणूस शांत झोपत होता, आणि त्याला ती झोप काकूंच्या सुईने दिली होती.

"मी कुठे बोललो का कोणाला?" मुकादम म्हणाला. "आणि बोलणार पण नाही. पण सोमवारी कोट टेबलावर पडला की भोक नाही म्हणून तुमच्या पोरीला खोटारडी ठरवतील. नाहीतर तुमच्यावर येईल, पुरावा नष्ट केला म्हणून. कसर लागली म्हणा, टाकून दिला म्हणा. म्हाताऱ्या बाईला कोण काय विचारतंय? पोरगी दोन दिवस रडेल, मग तिचं तिचं आयुष्य मार्गी लागेल. मी तुमच्या भल्याचं सांगतो."

चोर तो चोर, वर शिरजोर. काकूंनी शाल उचलली, घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिली. "कसर लागलेलं मी घेत नाही आता," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षांत त्यांनी काम परत पाठवलं ते हे पहिलंच.

पण तो गेल्यावर त्यांनी दुकानाचं दार लावून घेतलं. कारण मेल्याने सांगितलं त्यातलं खोटं काय होतं? दगडाखाली हात सापडला होता, आणि तो दगड त्यांनी स्वतः आणून ठेवला होता. कोट तसाच द्यावा, तर फाइल बंद आणि पोरगी वेडी ठरणार. कोट हरवला म्हणावं, तरी फाइल बंद. पोरीला सांगावं, तर ती... ती काय करेल हे काकूंना कल्पनेतसुद्धा बघवेना. नवरा गेला, पोरगा गेला, ही एकच उरली होती, आणि हिची अकरा वर्षं त्यांनी गिळली होती.

उरली एक वाट. रविवारी दुपारी थोरली कागदांच्या प्रती काढायला बाहेर गेली, तेव्हा त्यांनी ट्रंक उघडली. कोट टेबलावर पसरला, भिंग घेतलं, सुई घेतली. उसवून टाकू. भोक होतं तसं होईल, कोणाला कळणार नाही. जागा शोधायला त्यांना भिंग लागलं नाही, डोळे मिटून बोट फिरवलं आणि बोट आपोआप थांबलं. पहिला धागा त्यांनी सुईच्या टोकाने उचलला.

आणि तिथेच थांबल्या. भिंगातून त्यांनी उचललेल्या धाग्याखाली पाहिलं. विणीत झाकलेली सुईची खूण धागा उचलताच उघडी पडली होती. सगळं उसवलं, तर अशा खुणा तपासणीच्या बाईंनाही दिसणार. मग त्या बाई काय लिहितील? इथे नुकतंच कोणीतरी सुईकामाने भोक पाडलं आहे. म्हणजे घरच्यांनीच पुरावा तयार केला. थोरली खोटारडी नव्हे, गुन्हेगार ठरेल. काकूंनी उचललेला धागा हळूच परत खाली बसवला. दाराशी थोरलीची पावलं वाजली तेव्हा कोट ट्रंकेत होता आणि काकू गॅससमोर उभ्या होत्या, गॅस न पेटवताच.

"आई, उद्या तो निळा स्वेटर घाल," थोरली म्हणाली. "आपण दोघी नीट दिसलो पाहिजे."

सोमवारी काकूंनी कोट कागदात गुंडाळून आपल्या पिशवीत घातला आणि दोघी निघाल्या. वाटेत काकूंनी तीनदा तोंड उघडलं. एकदा रस्ता ओलांडताना, एकदा चौकीच्या फाटकाशी, एकदा जिन्यात. तिन्ही वेळा थोरलीच काहीतरी बोलली. जिन्यात ती म्हणाली, "तू होतीस म्हणून झालं, आई."

साहेबांच्या खोलीत मोठं टेबल होतं, वर पांढरा दिवा. तपासणीच्या बाई पन्नाशीच्या, चष्म्यावर आणखी एक भिंग लावलेलं. त्यांनी हातमोजे घातले, कोट पसरवला आणि डाव्या खिशाखाली पाहायला लागल्या. मग कोट उलटा केला, अस्तर पाहिलं. मग उजवीकडे, मग पाठीवर. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं गेली. काकू हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. आयुष्यभर ज्याचा अभिमान धरला, ते आज तरी फसू दे, ह्या बाईंना एक धागा तरी वाकडा दिसू दे, अशी त्या देवाची करुणा भाकत होत्या. पण रफू काही सापडेना.

"साहेब, कोट अख्खा आहे," बाई म्हणाल्या.

"काय?" थोरली उठली. "असं कसं? डाव्या खिशाखाली आहे, नीट बघा ना!"

"मी नीटच बघते आहे."

साहेबांनी थोरलीला कोट बघू दिला. तिने तो दिव्यासमोर धरला, उलटा केला, सुलटा केला, खिशाखालचं कापड बोटांनी चाचपलं. "इथेच होतं," ती म्हणाली. "माझं बोट आरपार गेलं होतं. मी वेडी नाही. साहेब, मी वेडी नाही."

"अकरा वर्षं झाली, ताई," साहेब मऊ आवाजात म्हणाले, आणि त्या मऊ आवाजानेच सगळं संपवलं. "दुःखात माणसाला काहीही आठवतं. मी लिहितो, छेद आढळला नाही." त्यांनी पेनचं टोपण काढलं.

थोरलीने आईकडे पाहिलं. "तू बघितलं होतंस ना? सांग ना यांना!"

काकूंना बोलता येईना. पण हातांना बोलता येत होतं, हात नेहमीच डोक्याच्या आधी जायचे. स्वेटरच्या गळ्याला त्यांची सुई खोचलेली होती, रोज असायची तशी, पांढऱ्या दोऱ्यासकट. त्यांनी ती काढली. उठून टेबलाशी गेल्या. डोळे मिटून कोटावर बोट फिरवलं, बोट थांबलं. त्या जागी त्यांनी एक सैल पांढरा टाका घातला आणि दोरा तोडला.

"अहो आजी, काय करताय! हात लावू नका!" तपासणीच्या बाई ओरडल्या.

थोरली त्या टाक्याकडे बघत राहिली. लहानपणी तिने असे शेकडो शोधले होते.

"कधी?" तिने विचारलं.

"कोट घरी आला त्याच आठवड्यात."

"आणि अकरा वर्षं तू मला..."

"हो," काकू म्हणाल्या.

"काय चाललंय हे?" साहेब म्हणाले.

"तिथे रफू आहे, साहेब," थोरली म्हणाली. तिचा आवाज कोरडा झाला होता. "रफू झाला की आई असा टाका घालते. म्हणजे इथे भोक होतं."

शेजारच्या खोलीतले दोन कारकून साक्षीला बसवले, समोर कॅमेरा लावला, आणि साहेब म्हणाले, "उसवा. आमच्यासमोर." काकू दिव्याखाली बसल्या. एकेक धागा उचलायचा, सोडवायचा, पांढऱ्या कागदावर ठेवायचा. घालायला तीन दिवस लागले होते, काढायला दोन तास पुरले. उसवता उसवता त्या सगळं सांगत गेल्या, मिठाच्या पाण्यापासून मुकादमाच्या शालीपर्यंत. मुकादमाचं ऐकून साहेबांनी मान वर केली आणि लिहून घेतलं. "बोलावतो त्याला," ते म्हणाले. कधी, ते बोलले नाहीत.

शेवटचा धागा निघाला आणि कापड आपोआप उघडलं. थोरलीच्या तोंडून एक आवाज निघाला. तेच भोक होतं.

तपासणीच्या बाई बराच वेळ वाकून पाहत होत्या. मग भिंग वर करून त्यांनी काकूंकडे पाहिलं. "तुम्ही कडा कातरल्या नाहीत. रफूवाले आधी कडा कातरतात. कातरल्या असत्या तर माझ्या हाती काहीच लागलं नसतं. का नाही कातरल्या?"

"कात्री घेतली होती हातात," काकू म्हणाल्या. "पण त्याला एकदा कापलं होतं. आणखी माझ्याच्याने कापवेना."

एक कारकून उगाच खिडकी लावायला उठला. बाईंनी चष्मा पुसला आणि साहेबांना मजकूर सांगितला. छेद सरळ, धागे एका रेषेत तुटलेले, एक टोक निमुळतं आणि एक बोथट, म्हणजे एका बाजूने धार असलेलं हत्यार. गज नव्हे. "पण कोट धुतलेला आहे, रफू करून उसवलेला आहे, हेही मला लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "समोरचा वकील यावरच धरून बसेल. कोर्ट किती मानेल ते मी सांगू शकत नाही."

साहेबांनी फाइलीतला फॉर्म पुढ्यात ओढला आणि काकूंकडे न बघता म्हणाले, "मावशी, पुराव्याला हात लावला याची नोंद तुमच्यावर करावी लागेल. माझा इलाज नाही. ती केली नाही तर उद्या हे सगळंच रद्द होईल."

"करा," काकू म्हणाल्या. "पण आधी खून हा शब्द लिहा. मग मला लिहा."

फॉर्मात आरोपीचा रकाना वर होता आणि गुन्ह्याचा खाली. साहेबांनी एकदा फॉर्मकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. मग त्यांनी खालचा रकाना आधी घेतला. अपघात हा जुना शब्द खोडला आणि त्याच्यावर खून लिहिलं. मग वर जाऊन नाव लिहिलं आणि त्यापुढे कंसात, पुराव्यात फेरफार. अकरा वर्षांत त्या फाइलीत आरोपी म्हणून पहिल्यांदा कोणाचं तरी नाव आलं, आणि ते आईचं होतं.

"घरच्यांपैकी एकाची सही लागते," साहेब म्हणाले. "कोट ओळखला म्हणून. साक्षीदार. मग आज दोघी घरी जा, बोलावलं की या."

थोरलीने पेन घेतलं. या एका कागदासाठी तिने अकरा वर्षं घातली होती. आईच्या नावाखाली ती सही करता करता मध्येच थांबली, तिने डोळे पुसले, आणि मग सही पुरी केली. पेन ठेवून तिने आईची पिशवी उचलली आणि खांद्याला लावली.

"चल," ती म्हणाली. टाका ओळखल्यापासून तिने अजून आईकडे पाहिलं नव्हतं. "कठडा धरून उतर."